प्रकाश-उत्प्रेरकी सच्छिद्र संमिश्रे

प्रकाश शोषून रासायनिक विक्रिया घडवून आणणारा अर्धसंवाहक आणि अतिसूक्ष्म छिद्रे असलेला आधार पदार्थ यांच्या संयोगाने बनविलेली द्रव्ये. पाण्यातील क्रोमियम, पारा, आर्सेनिक इ. विषारी मूलद्रव्ये काढून टाकण्याच्या दृष्टीने त्यांचा अभ्यास केला जातो. सेंद्रिय प्रदूषकाचे विघटन करून त्याचे कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करता येते. मूलद्रव्याचा मात्र असा नाश करता येत नाही. प्रकाशामुळे फक्त त्याची संयुजा बदलते आणि ते कमी विषारी वा पकडण्यास सोपे बनते. त्यानंतर ते धरून ठेवण्याचे काम छिद्रांचे असते. प्रकाशरसायन व पृष्ठशोषण (घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू वा आयन धरून ठेवले जाण्याची क्रिया) हे दोन स्वतंत्र विषय एकत्र कसे आले, हाच या संमिश्रांचा इतिहास होय.

या संशोधनाची निकड विसाव्या शतकातील दुर्घटनांनी पटवून दिली. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याची संयुगे मासे व शिंपले यांच्या द्वारे कोळी कुटुंबांच्या अन्नात गेली. तेथील मज्जाविकाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. परंतु त्याचे कारण सरकारने मान्य केले ते १९६८ मध्ये. जिंत्सू नदीच्या खोऱ्यातील वेदनामय अस्थिविकाराचा खाणीतून आलेल्या कॅडमियमाशी असलेला संबंधही त्याच वर्षी मान्य झाला. प. बंगालमध्ये विहिरींच्या पाण्यातील आर्सेनिकामुळे होणारे त्वचाविकार १९८३ मध्ये ओळखले गेले. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक दर लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. चुना व इतर रसायने घालून साका पाडण्याच्या रूढ पद्धतीने मोठ्या प्रमाणातील धातू निघतो. पण इतक्या विरल विद्रावात ती अपुरी पडते आणि तिच्यामुळे विषारी गाळही साचतो.

प्रकाशाकडील वाटचाल रंगद्रव्यापासून सुरू झाली. टिटॅनियम डाय-ऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य ग्लिसरिनासारख्या सेंद्रिय पदार्थाच्या सान्निध्यात उन्हात ठेवल्यास काळवंडते, असे कार्ल रेंझ यांनी १९२१ मध्ये नमूद केले. या पदार्थाचा रंगलेप उन्हाने खडूसारखा भुकटत असल्याचेही आढळले होते. रंग उत्पादकांना जाचक असलेला हा गुण पुढे उपयुक्त ठरला. १९७२ मध्ये आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केले. १९७७ मध्ये एस. एन. फ्रँक व ए. जे. बार्ड यांनी त्याच द्रव्याच्या भुकटीने पाण्यातील सायनाइडाचे ऑक्सिडीभवन करून जलशुद्धीकरणाची दिशा दाखविली. १९७९ मध्ये एच. योनेयामा व त्यांचे सहकारी यांनी अर्धसंवाहकांच्या भुकटीवर प्रकाश टाकून डायक्रोमेटाचे क्षपण घडविले. विषारी धातूच्या संदर्भात हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे.

प्रकाश पडला असता अर्धसंवाहकात मुक्त इलेक्ट्रॉन व धन विवर (इलेक्ट्रॉन गेल्याने राहिलेली जागा) निर्माण होतात. इलेक्ट्रॉनांमुळे सहासंयुजी क्रोमियमाचे त्रिसंयुजी क्रोमियमात क्षपण होते. सहासंयुजी रूप कर्करोगकारक असून पाण्याबरोबर दूरवर वाहत जाते. त्रिसंयुजी रूप पुष्कळच कमी विषारी असून उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइडाच्या रूपाने खाली बसते. आर्सेनिकाच्या बाबतीत विक्रिया उलट दिशेने व्हावी लागते. त्याच्या त्रिसंयुजी रूपाला सामान्य पाण्यात विद्युत् भार नसल्याने ते सहज पकडले जात नाही. ऑक्सिडीभवनाने झालेले पंचसंयुजी रूप लोहाच्या ऑक्साइडांवर घट्ट बसते. कॅडमियमाचे क्षपण मात्र टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर सहज होत नाही. तेथे छिद्रांच्या पकडीवरच भिस्त ठेवावी लागते.

बारीक भुकटी पाण्यातून परत गाळून घेणे अवघड असते. म्हणून तिला आधार देण्याची गरज भासली आणि पृष्ठशोषणाची जुनी परंपरा उपयोगी पडली. सच्छिद्र खनिजांना झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक ए. एफ. क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्येच दिले होते. झिओलाइट, सक्रियित कार्बन, मृत्तिका व सिलिका यांवर अर्धसंवाहकाचे कण बसविल्यास आधार प्रदूषकाला जवळ खेचतो व शेजारचा कण त्यावर विक्रिया करतो. १९९२ मध्ये नियमित व अधिक रुंद छिद्रांची सिलिका तयार करण्यात आली. पुढे धातूचे आयन व सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून बनणारे सच्छिद्र सांगाडे पुढे आले. त्यांच्या विकासाबद्दल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील काही सांगाडे स्वतःच प्रकाश शोषून क्रोमियमाचे क्षपण करतात.

तथापि अडचणी शिल्लक आहेत. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाला सु. ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे जंबुपार किरण लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. म्हणूनच दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या संमिश्रांचा शोध चालू आहे. गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर जात नाही; साचलेल्या धातूमुळे पृष्ठभाग झाकला जाऊन उत्प्रेरक मंदावतो व तो धुवावा लागतो. या धुवणीत व निकामी झालेल्या द्रव्यात सर्व विष एकवटलेले असते. ते परत मिळविण्याची वा सुरक्षित साठविण्याची व्यवस्था नसेल, तर एका विहिरीतील विष दुसऱ्या विहिरीत जाण्यापलीकडे काही साधत नाही. त्यामुळे या संमिश्रांचे मूल्यमापन करताना शुद्ध झालेल्या पाण्याइतकाच, त्यातून निघालेल्या धातूचाही हिशेब ठेवणे आवश्यक ठरते.