व्लासॉफ, कॅरोल

कॅनेडियन लोकसंख्याशास्त्रज्ञ. सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या गोवे या गावाच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी त्या ओळखल्या जातात. 1975-76, 1987 आणि 2008 अशा तीन फेऱ्यांत हा अभ्यास झाला असून, एकाच समूहाकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा जाऊन बदल टिपणाऱ्या अशा पाहणीस ‘अनुदैर्ध्य अभ्यास’ म्हणतात. महाराष्ट्रातील एखाद्या गावाविषयी तीन दशकांवर पसरलेली अशी सामग्री क्वचितच मिळते.

मुलाची ओढ आणि मुलींचे बालपण समजून घेण्यासाठी पहिल्या फेरीतील दोन विषय विशेष महत्त्वाचे ठरतात. म्हातारपणाचा आधार म्हणून अपत्ये हवीत, या गृहीतकाची तपासणी त्यांनी मायकेल व्लासॉफ यांच्यासह केली (1980) व त्याला फारसा पुरावा मिळत नसल्याचे नोंदविले. पुढे विधवांविषयीच्या लेखातही (1990) मुलगा असणे आणि आर्थिक स्थैर्य यांचा अपेक्षेइतका घट्ट संबंध दिसला नाही. तरीही मुलाची ओढ कमी झालेली नव्हती, आणि हे कोडे या गावाविषयीच्या पुढील लेखनाच्या मुळाशी आहे. दुसरा विषय अविवाहित किशोरींच्या शिक्षणाचा. 1987 च्या फेरीपर्यंत ही पिढी वयाने मातृत्वाच्या टप्प्यावर आली होती, त्यामुळे मुलगी म्हणून मिळालेली वागणूक व शाळा यांचा तिच्या पुढील संसाराशी, म्हणजे किती मुले व्हावीत आणि त्यांत मुलगे किती असावेत या अपेक्षांशी, काय संबंध राहतो हे पाहण्याची संधी मिळाली. या फेरीवर आधारित 1992 च्या लेखात जननप्रमाण घटल्याचे, परंतु स्त्रियांचे स्थान त्या मानाने सुधारले नसल्याचे प्रतिपादन आहे. केवळ शिक्षणापेक्षा घराबाहेरील रोजगाराला त्या अधिक वजन देतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावरून म्हणता येते.

बालपणातील प्रतिकूलतेचे मानसशास्त्रीय मापन, जे अमेरिकेत फेलिट्टी व अँडा या संशोधकांच्या 1998 च्या अभ्यासाने रूढ केले, ते गोव्याच्या या पाहणीत नाही. मुलीच्या वाट्याची उपेक्षा प्रश्नावलीच्या स्तंभांतून अप्रत्यक्षपणेच दिसते. एका गावाचे निष्कर्ष जिल्ह्याला कितपत लागू पडतात, याविषयी सावधगिरी आवश्यक आहे. मात्र याच साताऱ्यात 22 ऑक्टोबर 2011 रोजी ‘नकुशा’ (नकोशी) असे नाव पडलेल्या 285 मुलींना नवी नावे देण्यात आली, आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळ (ता. मिरज) येथे मार्च 2017 मध्ये 19 स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले, हे संदर्भ या अभ्यासाशेजारी ठेवून वाचावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या उष्णकटिबंधीय रोगविषयक कार्यक्रमातही त्यांनी लिंगभाव या विषयावर काम केले.