गियरपेटी, स्वयंचलित : जुन्या मोटारीतील दोषनिदान
खोपोलीहून बोरघाट चढून सुमारे 620 मीटर उंचीवरील लोणावळ्यास येताना एंजिनाचे फेरे वाढावेत, परंतु वेग मात्र वाढू नये, हे गियरपेटीतील क्लच घसरत असल्याचे प्रमुख लक्षण होय. तथापि पेटी उकलण्यापूर्वी तेलाची तपासणी हीच पहिली तजवीज असावी, आणि तिचीच हेळसांड फार होते : बहुतेक जुन्या मोटारींत, गाडी सपाटीवर उभी करून, एंजिन तापलेले व चालू असताना, तेलकांडी पुसून पुन्हा बुडवावी व थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपावा. स्वच्छ तांबडा डाग समाधानकारक. काळपट व करपट वासाचा डाग घर्षणचकत्या जळाल्याची ग्वाही देतो. दुधट गुलाबी तेल पाणी शिरल्याचे द्योतक. तेल निर्दोष असूनही गियर उशिरा पडत असल्यास थ्रॉटलच्या केबलचा ताण तपासावा.