स्पॉन्सर

स्पॉन्सर : हमी घेणारा, पाठीशी उभा राहणारा किंवा खर्च उचलणारा, अशा अर्थांचा इंग्रजी शब्द. नाम आणि क्रियापद म्हणूनही वापरतात. मराठीत ‘प्रायोजक’ हा प्रतिशब्द रूढ आहे, पण तो खर्च उचलणाऱ्यापुरताच. मूळ शब्दाचा भर पैशावर नसून जबाबदारीवर आहे.

‘स्पोन्देरे’ म्हणजे विधिपूर्वक वचन देणे, या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. रोमन कायद्यात स्पॉन्सर म्हणजे जामीन. ऋणकोने वचन दिले की धनको जामिनाकडे वळून विचारी, ‘तेवढेच देण्याचे वचन तूही देतोस?’ त्याने ‘स्पोन्देओ’ एवढे म्हटले की तो बांधला गेला. हा शब्द उच्चारून बांधून घेण्याचा अधिकार फक्त रोमन नागरिकाला होता. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस नोंदवतो, की स्पॉन्सर वारला तर त्याचा वारस त्या हमीने बांधला जात नसे. इटलीत तर फ्यूरियन कायद्यानुसार हमी दोन वर्षांत संपे. ज्याने शब्द दिला त्यानेच तो निभवायचा, असा हा व्यवहार होता.

ख्रिस्ती धर्मात तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने वचन देणाऱ्यांसाठी हाच शब्द आला. मुलांना लहानपणीच बाप्तिस्मा देऊन या हमीदारांना धोक्यात का घालावे, असा प्रश्न कार्थेजच्या टर्टुलियनने केला होता : हमीदार मरू शकतो, मूल वाईट वळणाला लागू शकते. वसई-गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना परिचित असलेले धर्मपिता व धर्ममाता ते हेच. इंग्रजीत सतराव्या शतकात हा शब्द रुळला तोही याच अर्थाने.

पैशाचा अर्थ अमेरिकन रेडिओने पक्का केला. १९२०–३० च्या दशकांत कंपन्या अख्खे कार्यक्रम स्वतःच्या नावावर चालवू लागल्या. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९३३ मध्ये ऑक्सिडॉल या साबणाच्या पावडरीसाठी ‘मा पर्किन्स’ ही मालिका चालवली. अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले ते साबणवाल्या प्रायोजकांमुळे. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ टूथपेस्टच्या नावाने घराघरांत पोहोचली. टूथपेस्टचे नाव ‘सिबाका’ झाले तेव्हा कार्यक्रमाचेही नाव बदलले. प्रायोजकाचा वरचष्मा किती, हे यावरून कळते. दूरदर्शनवर १९८४ ची ‘हम लोग’ ही मालिका प्रायोजित मालिकांच्या युगाची सुरुवात मानली जाते.

पुढे हा शब्द मंडळाच्या स्वागत कमानीपासून खेळाडूंच्या जर्सीपर्यंत सगळीकडे पसरला. कार्यक्रमपत्रिकेवर आणि फ्लेक्सवर आपल्याकडे ‘सौजन्य’ छापतात, पण तोंडी मात्र सर्रास ‘स्पॉन्सर कोण?’ असेच विचारले जाते. ‘आजचा चहा मी स्पॉन्सर करतो’ हे कॉलेजच्या कट्ट्यावरचे नेहमीचे वाक्य. यात देणारा देऊन मोकळा होतो. जाहिरातीच्या जगात तेवढे पुरते. मात्र पैसे घेऊन केलेली शिफारस आपलेच मत असल्यासारखी मांडली, तर ती वाचकाची फसवणूकच ठरते. म्हणून समाजमाध्यमांवर अशा मजकुरावर जाहिरात असल्याची स्पष्ट खूण हवी, असे बंधन भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातले.

जुना अर्थ मात्र कायद्यात जिवंत आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मुले आईवडिलांना ग्रीन कार्डावर नेतात तेव्हा त्यांना ‘स्पॉन्सर’ करतात, म्हणजे आय-८६४ या प्रतिज्ञापत्रावर सही करून त्यांच्या निर्वाहाची हमी घेतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे सरकारी दारिद्र्य-मर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. जोडीदारासाठी दिलेली हमी घटस्फोटानेही सुटत नाही. आखाती देशांत कोकणातून गेलेल्या कामगारांचा स्पॉन्सर म्हणजे ‘कफील’. हा अरबी शब्दही हमीदाराचाच. कफालत पद्धतीत मुक्कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असल्याने, कामगाराची हमी घेणाऱ्याच्याच हाती त्याची नोकरी बदलण्याची किंवा घरी परतण्याची मुभा गेली. काही देशांनी अलीकडे हे नियम सैल केले आहेत.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये या शब्दाचा पैशाशी काहीच संबंध नाही. तिथला स्पॉन्सर म्हणजे दारू सोडलेला जुना सभासद. नव्या सभासदाला प्यावेसे वाटले तर तो ज्याला फोन करतो, तो माणूस.