बुडालेले सुपे आणि शोधाची वाट

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गी गावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्रास मिळते. या नदीच्या काठी सुपे नावाचे गाव होते. तालुक्याची कचेरी तेथे होती आणि तालुक्याचे नावही सुपे हेच होते. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्यात गेला. राज्ये बदलली, पण सुप्याचे नाव टिकून राहिले. पुढे गणेशगुडी येथे नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले आणि १९८० च्या दशकात सुपे पाण्याखाली गेले. विस्थापितांची वसाहत रामनगर येथे झाली. कचेऱ्या जोयड्यास गेल्या आणि तालुक्यालाही जोयडा हेच नाव मिळाले. सुपे हे नाव आता मुख्यत्वे धरणापुरते उरले आहे.

गाव बुडाले तरी त्याचा शोध घेणारे बुडत नाहीत. आजोळ सुप्याचे असलेला एखादा नातू दूरच्या शहरात बसून शोधयंत्रावर ‘सुपे’ एवढीच अक्षरे लिहितो. त्याच्यापुढे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतील सुपे येते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील, औद्योगिक वसाहतीचे सुपेही येते. काळीकाठचे सुपे या गर्दीत कोठे तरी मागे राहते. जगातील कोट्यवधी पानांतून कोणते पान वर यावे आणि कोणते खाली राहावे, हे कोण ठरवितो? कोणत्या न्यायाने ठरवितो? आणि ज्याचे पान खाली राहिले त्याने ते वर आणण्यासाठी काय करावे? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत आणि तो इतिहास यंत्रांच्या बराच आधीचा आहे.

ग्रंथ वाढले की ते सापडेनासे होतात, ही अडचण प्रथम ग्रंथपालांना भेडसावली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. १९३३ साली त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली आणि पुढील खंडात ती १९५० पर्यंत आणून पोहोचविली. पुस्तक लिहिले जाणे आणि ते हवे त्याला सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या मंडळींनी पुरते ओळखले होते. सूचीत नोंद नसलेला ग्रंथ कपाटात असूनही नसल्यासारखाच असतो.

संगणकांच्या जाळ्यावर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज यांनी ‘आर्ची’ नावाची योजना तयार केली. निरनिराळ्या संगणकांवर ठेवलेल्या फायलींच्या नावांची ती यादी होती. फायलीत काय लिहिले आहे याची तिला वार्ता नव्हती. टिम बर्नर्स-ली यांचे विश्वजाल १९९१ साली सर्वांस खुले झाले आणि पानांची संख्या झपाट्याने वाढू लागली. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी चांगल्या संकेतस्थळांची विषयवार यादी करण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘याहू’ या नावाने प्रसिद्धीस आली. ही यादी माणसांनी निवडलेली होती, म्हणजे जुन्या ग्रंथसूचीचीच ती धाकटी बहीण. परंतु माणसाचा हात पानांच्या पुरापुढे अपुरा पडला. १९९५ च्या डिसेंबरात आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने पानातील प्रत्येक शब्दाची नोंद करण्याचा मार्ग धरला. यंत्राचा कोळी दुव्यावरून दुव्यावर फिरे, सापडलेले पान आपल्या कोठारात आणी आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याचे टिपण ठेवी. आजची शोधयंत्रेही मुळात हेच करतात. फिरणे, नोंदणे आणि क्रम लावणे या त्यांच्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिल्या दोन पायऱ्या यंत्राच्या बळावर साधल्या. तिसरीने मात्र घात केला. शब्द जितक्या वेळा येईल तितके पान महत्त्वाचे, असा सुरुवातीचा सरळ हिशेब होता. हे ध्यानात येताच धूर्त मंडळींनी पानांवर एकच शब्द शेकडो वेळा कोंबण्यास प्रारंभ केला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच शाईने शब्द लिहावेत, म्हणजे वाचकास ते दिसत नाहीत पण यंत्रास दिसतात, अशी युक्तीही निघाली. जो मोठ्याने ओरडेल त्याचेच ऐकू यावे, अशी बाजारासारखी अवस्था झाली.

यावरचा उतारा सापडला तो विद्वानांच्या एका जुन्या रिवाजात. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून न्यायनिवाड्यांची एक सूची काढली होती. कोणत्या निवाड्याचा आधार पुढील कोणत्या निवाड्यांत घेतला गेला, हे तीत दाखविलेले असे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली हीच कल्पना विज्ञानाच्या निबंधांना लागू करावी असे सुचविले आणि १९६० च्या दशकात तशी सूची प्रत्यक्ष निघाली. ज्या निबंधाचा हवाला पुष्कळ जण देतात तो महत्त्वाचा, असा या पद्धतीचा आशय होता. स्टॅनफर्डमधील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी हा विचार विश्वजालास लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा हा एक प्रकारचा हवालाच होय. परंतु त्यांनी त्यात एक मर्म घातले. सर्वांचे हवाले सारख्या वजनाचे नसतात. ज्याच्याकडे स्वतःच पुष्कळ मान्यवर पाने बोट दाखवितात, त्याच्या शब्दास अधिक वजन; आणि जो शंभरांची शिफारस करतो त्याच्या एकेका शिफारशीचे वजन त्या प्रमाणात कमी. पंचक्रोशीत ज्याची पत आहे अशा गृहस्थाचा एक शब्द दहा अनोळखी इसमांच्या आरडाओरड्यापेक्षा मोलाचा ठरतो, हा खेड्यातला व्यवहारच गणिताच्या भाषेत मांडला गेला. त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘गूगल’ ही कंपनी स्थापन झाली.

मात्र जेथे पतीला भाव येतो तेथे खोटी पतही विकावयास येते. दुवे विकत मिळू लागले. पोकळ संकेतस्थळे उभारून ती एकमेकांची वाहवा करू लागली. येथून पुढचा इतिहास हा चोर आणि पहारेकरी यांच्या पाठलागाचा आहे. २००३ च्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या नियमांत मोठा फेरफार केला, तेव्हा अनेक व्यापाऱ्यांची पाने एका रात्रीत खाली गेली. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटारकंपनीचे जर्मन संकेतस्थळ काही काळ यादीतूनच काढण्यात आले. यंत्रास एक पान आणि वाचकास दुसरे दाखविल्याचा त्यावर ठपका होता. २०११ च्या फेब्रुवारीतील फेरफाराने सत्त्वहीन मजकुराची पाने मागे सारली आणि २०१२ च्या एप्रिलमधील फेरफाराने विकतच्या दुव्यांवर आघात केला. क्लृप्तीने मिळविलेले स्थान टिकत नाही, आणि पडझड झाली की ती मुळासकट होते, एवढा बोध या इतिहासातून निश्चित निघतो.

मराठी पानांची कहाणी यात आणखी एका दुःखाची भर घालते. आरंभीच्या काळात मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या खासगी फाँटांत लिहिली जात. पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु आत साठविलेली चिन्हे रोमन अक्षरांची असत. शोधयंत्राच्या दृष्टीने तो सारा मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होता. पाने होती, वाचक होते, परंतु एकमेकांची गाठ पडत नव्हती. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीस जागा होती. ती घरोघरच्या संगणकांत पोहोचण्यास मात्र पुढची अनेक वर्षे लागली. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच प्रणालीवर उभा राहिला. त्या आधीचा किती तरी मजकूर आजही शोधाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. त्याची अवस्था सुप्याहून वेगळी नाही.

आता हा सर्व इतिहास जोयड्याच्या एखाद्या घरापर्यंत आणून पाहावा. गणेशगुडीजवळ किंवा कुंभारवाड्याकडे एखाद्या कुटुंबाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, अंगणात रानातली कंदमुळे आहेत आणि स्वयंपाक घरचा आहे. पाहुणा मात्र ‘दांडेली’ असे लिहून शोध घेतो. दांडेली शहर जोयडा तालुक्यात नाही. तरीही काळीच्या प्रवाहातील नौकाविहार जोयड्याच्या हद्दीत गणेशगुडीस होतो आणि विकला जातो दांडेलीच्या नावाने. जे नाव लोकांच्या ओठी आहे तेच शोधात चालते. आपले पान त्या नावावर दिसत नसेल, तर त्या कुटुंबास मधल्या दलालाची पायरी चढावी लागते आणि मिळकतीचा एक वाटा त्यास द्यावा लागतो. शोधाच्या यादीतील स्थान हा अशा घराच्या चुलीचा प्रश्न होतो, तो असा.

म्हणून नवशिक्याचे पहिले काम म्हणजे नावांचा विचार. पाहुणा कोणते शब्द लिहील, हे त्याच्या जागी बसून पाहावे. पानाच्या शीर्षकात ‘स्वागत आहे’ असे लिहून भागत नाही. ‘गणेशगुडी, तालुका जोयडा येथे घरगुती निवास, दांडेलीपासून जवळ’ असे खरे आणि नेमके शीर्षक हवे. शीर्षकाखाली यादीत दिसणारे दोन ओळींचे वर्णनही तितकेच स्पष्ट असावे. जोयडा हे नाव कोणी जोइडा लिहितो, उळवीचे उलवी होते. वाक्याच्या ओघात अशी रूपे एकेकदा यावीत. २००७ साली घोषित झालेला दांडेली-अणशी व्याघ्रप्रकल्प २०१५ पासून काळी व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला जातो. जुने नाव शोधणारे आजही आहेत, म्हणून दोन्ही नावे सांगावीत. कॅसलरॉक हे रेल्वेस्थानक याच तालुक्यात असले तरी त्याच नावाचे एक गाव अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात आहे. नुसत्या नावाने ओळख पटत नाही. तालुका, जिल्हा, राज्य सोबत द्यावे लागते. मात्र नावांची रास रचू नये, कारण तीच युक्ती पंचवीस वर्षांपूर्वी फसलेली आहे.

दुसरे काम मजकुराचे. एका पानावर एकच विषय असावा. उळवीच्या चन्नबसवण्णांच्या यात्रेस कसे जावे, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो, जोयड्यास भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळ्यात काय पाहावयास मिळते, हे तेथे राहणाऱ्यासच ठाऊक असते. दूरच्या शहरात बसून शंभर गावांची पाने एकाच साच्यात पाडणाऱ्यास ते लिहिता येणार नाही. छोट्या माणसाचे खरे भांडवल हेच आहे.

तिसरे काम वाटेचे. गूगलने २०१५ च्या एप्रिलपासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप दिले. जोयड्याच्या रानात रेंज क्षीण असते. जड छायाचित्रांचे पान तेथे उघडतच नाही. छायाचित्रे हलकी करावीत आणि प्रत्येकाखाली ते कशाचे आहे हे शब्दांत लिहावे, कारण यंत्रास चित्रापेक्षा शब्द अधिक सहज कळतो. आपल्याच एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवे द्यावेत, म्हणजे यंत्राच्या कोळ्यास फिरण्यास धागा मिळतो. नकाशावर घराची नोंद करावी, आणि नाव, पत्ता, दूरध्वनी सर्वत्र एकसारखा ठेवावा. पान यादीत आले की नाही, कोणत्या शब्दांवर दिसले, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनाने पाहता येते.

चौथे काम पतीचे, आणि ते सर्वांत सावकाश होणारे आहे. पक्षिनिरीक्षकांच्या मंडळाने, शाळेने, एखाद्या वृत्तपत्राने आपण होऊन दिलेला एक दुवा विकतच्या शेकडो दुव्यांपेक्षा अधिक काम करतो. पाहुण्यांनी मोकळेपणी लिहिलेले अभिप्रायही असेच उपयोगी पडतात. ‘आठवड्यात पहिला क्रमांक मिळवून देऊ’ असे सांगत येणाऱ्यास नम्रपणे निरोप द्यावा. तसा शब्द कोणासही देता येत नाही, आणि फळ दिसण्यास बहुधा काही महिने जावे लागतात.

अलीकडच्या काळात शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच उत्तर रचून देऊ लागली आहेत. त्यामुळे पुष्कळदा वाचक मूळ पानापर्यंत जातच नाही, अशी नवी चिंता निर्माण झाली आहे. तरीही असे उत्तर रचण्यास आधार लागतो तो कोणी तरी लिहून ठेवलेल्या शब्दांचाच. जे कोणी लिहिलेच नाही ते कोणत्याही यंत्रास सांगता येणार नाही.

धरणाने सुप्याची घरे, बाजार आणि रस्ते घेतले. त्या गावात कोणती गल्ली कोठे होती, बाजार कोणत्या वारी भरे, हे सांगणारी माणसे आज वार्धक्यात आहेत. त्यांच्या आठवणी कोणी एका साध्या पानावर, सुप्याच्या पूर्ण नावानिशी, तालुका आणि जिल्हा घालून लिहून ठेवल्या, तर ‘सुपे’ शोधणाऱ्या त्या नातवास त्याचे आजोळ सापडेल. यादीत वर येण्याची सारी विद्या अखेर याचसाठी आहे.