खानदेशातील दलित-आदिवासी स्त्री आणि शासनाची तिजोरी

चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. १९२९ साली बाबासाहेब तेथे उतरले, अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाल्याने नकार दिला, आपल्यातल्याच एका अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला आणि पुलावर अपघात झाला. पण त्या दिवसांत बाबासाहेब खानदेशात कशासाठी फिरत होते, हे फारसे सांगितले जात नाही. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे, म्हणजे स्टार्ट समितीचे, ते सभासद होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे व आणखी एका सभासदाकडे सोपविले होते. धुळे लाईनवरच्या एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले होते.

समितीचा अहवाल १९३० साली आला. अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्य नाही, त्यांचे पोट सवर्णांच्या शेतीवर अवलंबून आहे आणि हक्क मागणाऱ्याविरुद्ध हीच आर्थिक सत्ता हत्यार म्हणून वापरली जाते, असा तिचा निष्कर्ष होता. या निष्कर्षात आता स्त्रीला उभी करून पाहा. ज्याच्या शेतात ती निंदणी करते, कापूस वेचते, त्याच्याच हातून तिला संध्याकाळी मजुरी घ्यायची असते. त्याच्याविरुद्ध, त्याच्या मुलाविरुद्ध, त्याच्या राखणदाराविरुद्ध तिने फिर्याद द्यायची ती कोणत्या भरवशावर? स्त्रियांवरील अत्याचार थांबविण्यासाठी शासन जी योजना आखील, जो पैसा खर्च करील, त्याची परीक्षा या एका प्रश्नावर झाली पाहिजे.

सत्तरच्या दशकात हा प्रश्न शहाद्याला उघड्यावर आला. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून केव्हाच गेली होती आणि मूळचे मालक बड्या बागायतदारांकडे सालदार म्हणून राबत होते. उभ्या पिकाच्या रक्षणासाठी येथे पीक संरक्षण सोसायट्या होत्या. त्यांचे पगारी राखणदार भिल्लांना मारहाण करीत. म्हणजे कणसाच्या रक्षणासाठी संस्था होती, माणूस होता, पैसा होता. ज्या बाईने ते कणीस खुडायचे तिच्या रक्षणासाठी काय होते?

अंबरसिंग सुरतवंतींनी उभ्या केलेल्या चळवळीतून ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. पुढच्या काळात आदिवासी स्त्रिया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. मडकी फोडून त्या थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर ओढून चारचौघांत जाब विचारू लागल्या. शहरांत स्त्रीमुक्तीची शिबिरे भरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. घरातला मार हा घरगुती मामला नाही, हे सांगायला त्यांना कोणत्या अनुदानाची गरज पडली नाही.

याच काळात दुष्काळ पडला. १९७२ च्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. या कायद्यामागे पैशाची पक्की व्यवस्था होती. शहरातल्या पगारदारांकडून व व्यावसायिकांकडून व्यवसायकर घ्यायचा, त्यात आणखी काही करांची भर घालायची आणि जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्या पदरची टाकायची. मागेल त्याला काम, हा उपकार न राहता हक्क झाला. या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. ज्या बाईला गावातल्या एकाच बांधाकडे पाहावे लागत होते, तिला खडी फोडण्याचे का होईना, दुसरे काम मिळाले.

अत्याचारविरोधी योजना म्हणून रोजगार हमीचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मते मात्र खानदेशातल्या बाईपर्यंत अत्याचार होण्याआधी पोहोचलेला शासनाचा मोठा पैसा हाच. ही योजना निर्मळ होती असे कोणी समजू नये. मस्टर लिहिणारा कारकून पुरुष होता, मुकादमही पुरुष होता, मजुरी महिना महिना अडकत असे. तरीही मजुरीचे दर चढतात म्हणून बागायतदार या कामांवर नाराज असत. त्यांना जे समजले ते आपल्या विचारवंतांना फार उशिरा समजले.

त्याच १९७२ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, देशभर संताप उसळला आणि १९८३ साली कायदा बदलला. हा बदल मोलाचाच होता. पण कायद्याचे कलम बदलायला तिजोरी उघडावी लागत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मग १९९४ साल उजाडले. २२ जून रोजी महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, देशात सर्वांत आधी. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा देणारी दुरुस्तीही त्याच दिवसापासून लागू झाली. ज्यांच्या बापाच्या नावावर सातबाराच नाही त्या मुलींच्या वाट्याला यातून काय आले, हे विचारणे तेव्हा अपशकुनासारखे वाटले असते. महिना उलटतो न उलटतो तोच जळगाव वासनाकांड उघडकीस आले. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रांचा धाक घालायचा आणि वर्षानुवर्षे त्यांचा उपभोग घ्यायचा, असा तो प्रकार होता. आरोपींत नगरसेवक होते. तपासाला विशेष पथक आले, मीरां बोरवणकरांसारख्या अधिकारी आल्या, विशेष न्यायालय नेमले गेले. तरी बहुतेक आरोपी अखेर सुटले. बोलायला पुढे आलेल्या मुली मोजक्या, आणि त्यांतल्याही काही साक्षीपर्यंत टिकल्या नाहीत.

त्यांना दोष देणे सोपे आहे. शासनाने तपासावर खर्च केला, न्यायालयावर केला. साक्ष देणाऱ्या मुलीने उद्यापासून कोठे राहायचे, कोणत्या गावात नोकरी करायची, याचा खर्च तिच्या बापावर राहिला. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली ती २०१८ साली, म्हणजे जळगावनंतर चोवीस वर्षांनी.

पुढे पैसा आला, नाही असे नाही. २०१३ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात निर्भया निधीसाठी १००० कोटी रुपये ठेवले गेले. पहिली काही वर्षे त्यातला बराचसा पडूनच राहिला. त्याच वर्षी राज्याची मनोधैर्य योजना आली. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडितेस पाच लाख रुपये ठरले : निम्मे वैद्यकीय तपासणी व तिचा अहवाल आल्यावर, पाव हिस्सा दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेला पाव निकालानंतर. ही रक्कम तिच्या हक्काची आहे, ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण हा सगळा नंतरचा पैसा. शरीर तपासल्यावर पहिला हप्ता निघतो.

आधीच्या पैशाची एक वाट मात्र शासनाच्या दप्तरातच आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने २००४ साली सुरू झालेल्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची तरतूद झाली. प्राधान्य परित्यक्ता व विधवा स्त्रियांना, आणि अत्याचाराला बळी पडलेल्यांना. स्टार्ट समितीच्या निष्कर्षाला शासनाने दिलेले इतके सरळ उत्तर मला दुसरे माहीत नाही. २०१८ पासून ही जमीन शंभर टक्के अनुदानावर देण्याचे ठरले आणि खरेदीचा दर एकरी जिरायतीला पाच लाख, बागायतीला आठ लाखांपर्यंत वाढविला गेला.

अडचण एकच. जमीन शासनाला विकत घ्यावी लागते, आणि ती विकणारा स्वखुशीने पुढे यावा लागतो. तापीकाठची, गिरणाकाठची पाण्याखालची जमीन ज्याच्याकडे आहे, त्याच्याच शेतात ही बाई आज कापूस वेचते.