मूळ गेम कुठे आहे?

डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये जुना डॉस गेम सुरळीत चालतो, आवाजही नीट येतो. त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवा भाग, चढवायला घेतलं की मात्र घोडं पेंड खातं. इन्स्टॉलर सांगतो, मूळ गेम सापडत नाही. एक्स्पान्शन हा प्रश्न जन्मापासून विचारत आलंय; काळागणिक बदलला तो पुरावा. आपल्याकडे कोणत्या काळातला पुरावा मागितला जातोय हे ओळखलं, की दुरुस्तीचं निम्मं काम झालं.

एक्स्पान्शनची चाल जुनी. 'टेंपल ऑफ अपशाय' १९७९चा, त्याला जोडायचा 'अपर रीचेस ऑफ अपशाय' १९८१चा. पण पुराव्याची खरी कडक पद्धत १९८२मध्ये सर-टेकच्या 'विझर्ड्री'च्या दुसऱ्या भागात, 'नाइट ऑफ डायमंड्स'मध्ये दिसते. ॲपल टूवर पहिल्या भागात घडवलेली, लढून वाढवलेली पात्रं फ्लॉपीवरून या भागात आणावी लागत. गेम विकत घेतलाय एवढ्यावर भागत नसे, तो खेळलेला असावा लागे. आजवरच्या सगळ्या पुराव्यांत मला हाच सगळ्यात उमदा वाटतो.

घरोघरी हार्ड डिस्क आली तसा पुरावा पात्रांवरून फोल्डरवर आला. ओरिजिनचा 'विंग कमांडर' आणि त्याची 'सीक्रेट मिशन्स' दोन्ही १९९०ची. 'अल्टिमा ७' आणि 'फोर्ज ऑफ व्हर्च्यू' १९९२ची. फोल्डर ठरलेल्या जागी असला की झालं.

डॉसबॉक्स २००२मध्ये आला, पीटर व्हीनस्ट्रा आणि शूर्ड व्हान डेर बर्ग या दोघा डच प्रोग्रामरांचा. त्यात सी ड्राइव्ह म्हणजे आपण दाखवू तो फोल्डर. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मूळ गेम चढवताना आतलाच एखादा फोल्डर सी म्हणून माउंट केला आणि एक्स्पान्शनच्या वेळी त्याच्या बाहेरचा, तर गेमचा पत्ताच बदलतो. फाइल जागची हललेली नसते, पण इन्स्टॉलरच्या लेखी ती गायब. एकच फोल्डर कायमचा सी ठरवावा आणि मूळ गेम, एक्स्पान्शन, त्यानंतरचे पॅच हे सगळं त्याच सीवर, याच क्रमाने चढवावं. जागा अपुरी असल्याची तक्रारही त्याच काळातली. आजच्या डिस्कचा आकडा जुन्या इन्स्टॉलरच्या हिशेबात मावत नाही. म्हणून डॉसबॉक्स मुद्दाम साधारण २५० एमबीच मोकळी दाखवतो.

सीडी आल्यावर पुरावा तबकडीच्या लेबलवर गेला. सीडीवरच्या फाइल साध्या फोल्डरात उतरवून तो डी म्हणून दाखवला, की लेबल हरवतं आणि गेम सीडी मागतच राहतो. माउंट करताना लेबल हाताने द्यावं किंवा सरळ सीडीची इमेज लावावी. आयएसओ इमेजमध्ये फक्त डेटा येतो, ऑडिओ ट्रॅक येत नाहीत; ते हवे असतील तर क्यू आणि बिन ही जोडी लागते.

'क्वेक'मध्ये हे सगळं एकत्र भेटतं. १९९६च्या या गेमचं संगीत नाइन इंच नेल्सचं, सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून भरलेलं. १९९७मध्ये 'स्कर्ज ऑफ आर्मॅगॉन' हा मिशन पॅक स्वतःचं संगीत घेऊन आला. लेव्हलमध्ये नोंद असते फक्त ट्रॅकच्या क्रमांकाची. ड्राइव्हमध्ये मूळ सीडी राहिली तर मिशन पॅकच्या लेव्हलमागे पहिल्या गेमचं संगीत वाजतं, आणि तो बिघाड आहे हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. दोन्ही इमेज एकाच आज्ञेत डीवर लावाव्यात, मग कंट्रोल आणि एफ४ दाबून तबकडी बदलता येते.

मिशन पॅकचा फोल्डर 'हिपनॉटिक', आत 'पॅक०' फाइल. तो बरोबर जागी असूनही कधीकधी गेम नोंदणीकृत आवृत्ती मागतो आणि बंद पडतो. 'क्वेक' बनवणाऱ्या आयडीने डिसेंबर १९९९मध्ये सोर्स कोड खुला केला, त्यामुळे यामागचं कारण आज कुणालाही वाचता येतं. गेम 'पॉप' नावाची २५६ बाइटची एक फाइल उघडतो आणि तिच्यातला मजकूर आपल्याकडच्या नोंदीशी पडताळतो. ती असते 'आयडी१' फोल्डरमधल्या 'पॅक१'मध्ये, म्हणजे विकतच्या आवृत्तीत. फुकट शेअरवेअरमध्ये फक्त 'पॅक०'. म्हणजे दोष एक्स्पान्शनचा नसतो, खालचा गेम अर्धा असतो. अशा वेळी मिशन पॅक पुन्हा पुन्हा चढवण्यात वेळ घालवू नये. आधी 'आयडी१' उघडून पाहावं.

'क्वेक'च्या विसाव्या वर्षी, २०१६मध्ये, मशीनगेम्सने 'डायमेन्शन ऑफ द पास्ट' हा नवा एपिसोड फुकट दिला. इन्स्टॉलर नाही, सीडी नाही. 'डोपा' नावाचा फोल्डर 'आयडी१'च्या शेजारी ठेवायचा. आणि त्या 'आयडी१'मध्ये 'पॅक१' असावीच लागते.