इव्हेंटिंगचा हंगाम
इव्हेंटिंग हा अश्वारोहणातील क्रीडाप्रकार. यात घोडा व स्वार यांच्या एकाच जोडीची शिस्तबद्ध चाली, मोकळ्या रानातील अडथळ्यांची दौड आणि रिंगणातील उड्या अशी तिहेरी कसोटी लागते. घोडदळातील अधिकारी व त्याचा घोडा यांची शिस्त, दमसास आणि धाडस पारखणाऱ्या लष्करी परीक्षांतून तो उदयास आला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला, तेव्हा केवळ सेनाधिकारीच त्यात भाग घेऊ शकत. पुढे घोडदळाचे महत्त्व ओसरले व हा खेळ नागरी स्वारांकडे आला. इंग्लंडमधील बॅडमिंटन (१९४९ पासून) व बर्ली (१९६१ पासून) आणि अमेरिकेतील केंटकी येथील स्पर्धा अत्यंत मानाच्या गणल्या जातात.

केंटकी व बॅडमिंटन या स्पर्धा वसंतात, तर बर्लीची सप्टेंबरच्या सुमारास होते. मधल्या काळात लहानमोठ्या स्पर्धा चालूच असतात. व्यावसायिक स्वार त्यांत अनेक घोडे उतरवितो. त्यांत मालकांनी सोपविलेले कसलेले घोडे असतात, तसेच तयार होत असलेले नवखेही. घोड्याला मात्र ही धावपळ झेपत नाही. सर्वोच्च श्रेणीत रानातील दौड सहा किमी.हून अधिक असते. तीत पायाची कंडरा दुखावली, तर हंगामच बुडतो. त्यामुळे वर्षाकाठी अशा मोजक्याच स्पर्धांत एक घोडा उतरविला जातो.

या तिन्ही स्पर्धा लागोपाठ जिंकण्याचा मान ब्रिटनच्या पिपा फनेल यांनी २००३ मध्ये व जर्मनीच्या मिखाएल युंग यांनी २०१६ मध्ये मिळविला. दोघांनाही त्यासाठी दोन घोडे लागले. लष्करी परीक्षेत अधिकाऱ्याचा एक घोडा पुरे होता. व्यावसायिक स्वाराच्या हंगामाची मर्यादा त्याच्या तबेल्यावरून ठरते.